भाऊजींनी सोनेरी केलेला दिवा

वाडी, मंगळवार, १२ नोव्हेंबर १९७४

संध्याकाळी ताईकडे परतलो तर मी बनवलेला टेबललॅम्प सोनेरी. अख्खा. भाऊजी ब्रश पुसत बसलेले.

"पाहा गा, आता कसा दुकानातला वाटून राहिला."

दुकानातला. यासाठी तीन आठवडे राबलो? बैठक संत्र्याच्या पेटीची, म्हणून तिच्यावरची काटोलच्या व्यापाऱ्याची अक्षरं मी मुद्दाम ठेवली होती. वर ट्रकच्या हेडलाइटची पोचे पडलेली वाटी, तीही तशीच. वस्तू कशाची बनली ते तिनं लपवू नये, एवढंच माझं म्हणणं. माझ्यासारख्या शाळा अर्ध्यात सोडणाऱ्याला काही म्हणणं नसावं का?

आणि ते नट. हातानं फिरणारे, सगळे बाहेरून दिसणारे. बिघडला तर ताईलाही पान्याशिवाय उघडता यावा म्हणून सायकलची किती दुकानं पालथी घातली. त्यात एक दुपार सायकलच्या घंट्या वाजवून बघण्यातच गेली, ते सोडा.

"रागावला काहून?" भाऊजी म्हणाले. "लय सोपा बनवला तू. पाना नाही लागला मले, सगळा हातानंच खोलला."

म्हणजे नटांमुळेच रंगवता आला.

ताई जेवायला हाका मारत होती, मी खिळे शोधत होतो. ठोकून बंदच करतो, मग कोण उघडतं पाहू. हातोडी उचलली आणि हात थांबला. उघडता न येणारा दिवा तर दुकानातही मिळतो.

उद्या रंग घासून काढीन. त्यात अक्षरं जातील बहुतेक. नट राहतील.