बावड्याची तुळई

श्री. विजयसिंहदादा यांस,

कऱ्हाटीहून जोतीरामचा नमस्कार. तुमचे गुडघे आणि वहिनींची शुगर आटोक्यात असावी. इकडं सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे. पण रोज सकाळी माझ्या चहावर जी पिवळट साय धरते ती दुधाची नाही, हे आधी नमूद करतो. स्वतःच्या सोप्यात बसून कपावर बशी झाकायची वेळ माझ्यावर आली आहे. (झाकलेल्या कपातून चहा पिऊन बघा एकदा.)

आधी मी उंदरांवर आळ घेतला, मग पत्र्याच्या गंजावर. शेवटी शिडी लावली, तर तुळईला मोहरी मावेल एवढी भोकं, आणि हातोडीच्या दांड्यानं ठोकलं की वाळक्या भोपळ्यासारखा आवाज. भुंगा खाऊन गेलाय की अजून खातोय, हे कळायला खाली काहीतरी पसरून ताजा भुसा पडतो का ते बघायचं असतं. त्या मापाचं घरात एकच निघालं, सोसायटीच्या निवडणुकीतला तुमचा फ्लेक्स. (कऱ्हाटीत तुम्हाला एक मत नव्हतं, तरी इथं लावलात. त्याचं आता सार्थक झालं.) दुसऱ्या दिवशी तुमच्या पांढऱ्या शर्टावर काही दिसेना, पण काळा गॉगल पिठानं भरलेला. म्हणजे खातोय.

तुळईची ही बाभळ तुमच्या वडिलांनी, आमच्या मामांनी, बहिणीच्या घराला म्हणून बावड्याहून दिली. पावसाळाभर विहिरीत बुडवून मुरवली की भुंगा शिवत नाही. ते काम त्यांनी तुमच्यावर सोपवलं. "मुरवलीय," असं तुम्ही गॉगल न काढता सांगितलंत.

तुळई बदलायला सुतार ठरलाय. पण आईची खाट बरोबर तिच्याखाली, आणि आई हलत नाही. म्हटलं, "आई, अंगावर पडंल." तर म्हणाली, "माझ्या भावाचं लाकूड हाय, पडू दी. तू तुझा चहा तिकडं जाऊन पी." डोक्यावरचा भुसासुद्धा झटकू देत नाही. तुळई मधोमध वाकलीय. टेकू दिलाय, पण तो किती दिवस धरेल, सांगता येत नाही.

आपला,
जोतीराम

ता. क. बाभळीचं रागात लिहिलं, सोडून द्या. खरं काम वेगळंच आहे. आईला चार दिवस बावड्याला न्या. माझ्या सांगण्यानं ती उठणार नाही. तुम्ही स्वतः येऊन "आत्या, चल," म्हणा. मामा गेल्यापासून तिला तिकडून कुणी बोलावलेलं नाही.

आणखी एक. लाकडाबरोबर आलेला दोर, जो तुम्ही भेटेल त्या लग्नात मला मागता, तो धुऊन, वाळवून पत्रासोबत पाठवलाय. आता दोरासाठी इकडं यायचं कारण उरलं नाही. तरी या.