कांदाचाळीतले गुरुवार

तात्या, तुमच्या लेकीनं कांदाचाळ झाडून घेतलीय. सात वर्षं त्या पत्र्याखाली घुशी आणि फुटके क्रेट होते, आता पुन्हा सतरंज्या टाकायच्या म्हणते. लेखकांना बोलवायचं, गप्पा करायच्या, तुमच्यासारख्याच. सुरुवातीला तुमच्यावर कुणीतरी बोलावं असं तिला वाटतं आणि तो कुणीतरी म्हणजे मी. शिफ्ट सुटताना गेटवर येऊन थांबली होती. "दादा, शेवटपर्यंत तुम्ही बाबांच्या शेजारी उभे होतात. दोन पानं लिहून आणा." मी मान हलवली. आठवी नापास माणसाला दोन पानं म्हणजे लई झाली. तिच्यासाठी बसलो होतो लिहायला, आणि मधेच हे सुरू झालं.

परभणीकडून इथल्या कंपनीत आलो तेव्हा मी एकोणीस वर्षांचा, ठेकेदाराचा माणूस. पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणांवर असले तरच वरचा लोखंडी साचा, डाय, खाली येतो, म्हणजे हात आत राहायची भीती नाही. पण सगळे एका बटणात लाकडाची पाचर ठोकायचे. एका हातानं बटण, दुसऱ्यानं पत्रा, काम दुप्पट निघतं. माझ्या आधी त्या मशीनवर होता त्याची चार बोटं अशीच गेली. पत्र्याबरोबर बोटंही ट्रेमध्ये पडली, आणि करंगळीच्या नखावर मेंदी होती म्हणे, बहिणीचं लग्न झालं होतं त्याच आठवड्यात. हे ऐकूनसुद्धा मी तिसऱ्या दिवशी पाचर मारली. तुम्ही, शेजारच्या प्रेसवरचे जुने ऑपरेटर, मागून आलात आणि अशी कानफटात ठेवून दिलीत की माझं डोकं मशीनच्या खांबावर आपटलं. ओठ फुटला. मी पाना उचलला, खरंच घालणार होतो डोक्यात. तुम्ही डावा हात माझ्या तोंडासमोर धरला. दोन बोटं नव्हती त्याला. "हाण," म्हणालात. "पन आधी पाचर काढ. मंग हाण."

त्या दिवसापासून तुम्ही मला डब्याच्या वेळी वाचायला बसवायला लागलात. मी अक्षर अक्षर जोडत वाचतोय, बाकीचे हसतायत, कुणीतरी म्हणतं, "तात्या, तुमची गाडी पहिल्या गिअरच्या वर जाईना," आणि तुम्ही भाकरी मोडत म्हणता, "घाटात पयलाच लागतो, भावा." मला राग यायचा. तुमचा, त्यांचा, पुस्तकाचा. मला सगळ्याचाच राग यायचा तेव्हा. खोलीत भांडण झालं की मी आधी मारायचो, मग विचारायचो काय झालं.

गुरुवारी कंपन्यांना सुट्टी. सकाळी अकराला तुमच्या चाळीत माणसं जमायची, पंधरा, कधी तीस. हार नाही, शाल नाही, नारळ नाही. आलेल्या लेखकाला खाली बसवायचं, त्याच्या पुढ्यात कांद्याचा ढीग ओतायचा, आणि बोलता बोलता सडका कांदा वेगळा काढायचा, सगळ्यांनी, लेखकानंही. तुम्ही म्हणायचात, "नुस्ता बसला की मानूस भाषान ठोकतो. हाताला काम द्या, खरं बोलंल." आणि बोलायचे लोक. देहूरोडची एक ख्रिस्ती नर्स आली होती, कविता लिहायची. मेलेल्या माणसाचे डोळे मिटवताना त्याच्या धर्माची प्रार्थना येत नसली तर ती काय करते ते तिनं सांगितलं होतं. त्याचं नाव तीनदा घेते, म्हणाली. एक मुसलमान ट्रक ड्रायव्हर, दोन कादंबऱ्या त्याच्या नावावर. कुणीतरी विचारलं, "मराठी कुठं शिकलात तुम्ही?" ड्रायव्हरनं सडका कांदा विचारणाऱ्याच्याच हातात दिला. "आईच्या पोटात. तुम्ही?" सगळी चाळ हसली. घरी मला कुणी काही विचारलं नव्हतं कधी, आणि इथं लोक एकमेकांना विचारत होते की तू कोण, तुझा देव कुठला, तू लिहितोस कामून. मला ते आणखी ऐकावंसं वाटायचं. भूक लागल्यासारखं.

मग ती बाई आली. तिच्या आईला लहानपणी खंडोबाला वाहिलेलं, मुरळी केलेलं, आणि त्या आईवर तिनं पुस्तक लिहिलं होतं. तुम्ही मला मोबाईलवर शूटिंग घ्यायला सांगितलंत. त्या दिवशी मी पहिल्यांदा तोंड उघडलं. शूटिंग चालू ठेवूनच विचारलं, "बाई, तुमच्या आईचं एवढं... म्हणजे एवढं वाटोळं झालं त्याच्या नावानं, तर तुम्ही त्याला... देवाला, मानता का नाही?" विचारताना दोनदा अडखळलो. ती हातातला कांदा सोलत म्हणाली, "मी त्याला रोज शिव्या देते. आईबहिणीवरून देते. तोंडावर देते, देव्हाऱ्यासमोर उभी राहून." साल खाली टाकलं आणि पुढं म्हणाली, "आईला त्याला दिली, म्हणजे तो माझा बाप झाला ना. परक्याला कुणी एवढ्या हक्कानं शिव्या देतं का? शिव्या देऊन झाल्या की दिवा मीच लावते." तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कांद्यानं नाही, कारण तुम्ही काम थांबवलं होतं.

खोलीवर आलो आणि स्टेटस ठेवलं. गावाकडच्या पोरांनी बघावं की मी लेखिकेला प्रश्न विचारतो. स्टेटसला तीस सेकंदच बसायचे, म्हणून मी कापलं, आणि कापताना माझा प्रश्न पहिल्यापासून ठेवला. अडखळण्यासकट. निम्मे सेकंद माझेच गेले. बाईचं 'देव्हाऱ्यासमोर उभी राहून' तिथं संपलं. दिवा त्यात बसला नाही. माझ्या डोक्यातही आलं नाही की दिवा बसला पाहिजे, कारण मी तिला ऐकतच नव्हतो त्यात, मी मलाच ऐकत होतो.

पुढच्या गुरुवारी सहा मोटारसायकली आल्या. त्यातल्या एकीवर माझा खोलीवाला होता. स्टेटस त्यानंच पुढं पाठवलं होतं, आणि आता कुणाचं म्हणून काही राहिलं नव्हतं, सगळ्या मोबाईलमध्ये होतं. सळया होत्या, एकाकडे सायकलची चेन. आल्या आल्या त्यांनी पत्र्यावर मारायला सुरुवात केली. त्या आवाजानं निम्मी माणसं पळाली. "देवाला शिव्या देणारी कुठाय?" ती आलीच नव्हती. "मग विचारणारा कोण? आवाज कुणाचाय ह्यो?" खोलीवाल्याला तो आवाज रोजचा, पण त्यानं माझं नाव सांगितलं नाही. मी ढिगापाशी बसलेलो, हातात कांदा. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. उठलात, धोतर झटकलंत. "म्याच इचारलं. माजीच चाळ हाय. पुढं ती काय बोलली ते ऐकायचं असंल तर बसा, सांगतो." कुणी बसलं नाही. पहिली सळई कानशिलावर बसली. कान लोंबला. तुम्ही पडलात, कांद्यांवरून घसरून पुन्हा उठायला गेलात, पाठीत बसली. चेनवाल्यानं तोंडावर मारलं तेव्हा दात उडून सतरंजीवर पडला. मी ते बघतोय आणि हातात अजून तोच कांदा. आणि मग खोलीवाल्यानं माझा दंड धरला. "तू इथं काय करायलास बे? आपला हायस ना तू? का ह्यांच्यातला?" सळई माझ्या हातात दिली. "मग दाखव."

मी दाखवलं, तात्या. तुमच्या उजव्या नडगीवर. एकच. हाडावर लोखंड लागल्याचा आवाज प्रेसच्या आवाजासारखा नसतो, ओला असतो. डोक्यात बसली असती तर जीव गेला असता तुमचा, म्हणून पायावर मारली, असं मी नंतर स्वतःला सांगायचो. तेव्हा असलं काही मनात नव्हतं. तेव्हा मनात एवढंच होतं की आता मला कुणी विचारणार नाही मी कुणाचा. आणि एक क्षण, देवाशप्पथ, बरं वाटलं. तुमचं तोंड कांद्यांत होतं. तुम्ही बघितलं का नाही मला, हे मला अजून माहीत नाही.

कान शिवला, दात गेला तो गेला, पाठ महिन्यात बरी झाली. नडगी भरली नाही. तुम्हाला शुगर होती, ते मला दवाखान्यात कळलं. मी येत होतो तिथं. तुम्ही लेकीला सांगितलंत, "हा माझ्याशेजारीच हुता," आणि मला म्हणालात, "पुस्तक आनलं का? वाच." मी वाचत होतो आणि पट्टीतून वास येत होता. आधी अंगठा काढला, मग पाऊल, मग गुडघ्याखाली सगळा पाय. आठव्या महिन्यात तुम्ही गेलात. शेजारीच हुता, म्हणालात. खोटं बोललात का खरंच तसं वाटलं तुम्हाला? मी पुस्तक खाली ठेवून विचारायला पाहिजे होतं. चाळीत सगळे एकमेकांना विचारायचेच की.

सात वर्षांत पाच कंपन्या बदलल्या. कुठं टिकत नाही. मागच्या महिन्यात त्या खोलीवाल्याला मोशीच्या चौकात गाठून मारला, नाक फोडलं, त्याला कळलंसुद्धा नाही कामून. तो ओरडत होता, "काय केलं मी? काय केलं?" आणि सळई त्यानं फक्त दिली होती, मारली मी होती.

हे पान मी तुमच्या लेकीला देणार नाही. तिच्यासाठीची दोन पानं चांगल्या अक्षरात उतरवून झालीत. त्यात कानफटात आहे, ड्रायव्हर आहे, बाईचा दिवा आहे, आणि शेवटी असं आहे की पोरं आली तेव्हा मी तुमच्या शेजारी उभा होतो. उद्या अकरा वाजता मी तेच वाचणार आहे.