पहिला चुकलेला हप्ता

४ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
तीन आठवडे रोज तुला लिहायला पेन काढतो आणि दुकानांच्या पाट्याच रंगवत बसतो. कालच एका न्हाव्याची केली. कात्री अशी जमलीय की गिऱ्हाईक आधी पाटीच बघतं. असो, विषय टाळतोय. माझ्या मोटरसायकलच्या कर्जाला तू जामीन राहिलीस आणि मी हप्ते बुडवून पसार झालो, त्याला सात वर्षं होऊन गेली. गेल्या महिन्यात वसुलीवाल्या बाईंचा फोन आला. थोडे भरलेस तर बहिणीचं नाव सुटेल म्हणाल्या, म्हणून पाचशे भरले. बरं केलं ना?
रागाव, पण माया आटू देऊ नकोस.
तुझा भिंगरी

९ मार्च
चि. भिंगरीस,
अ. उ. आ.
अरे शहाण्या, आत्ता उलगडा झाला! शिवणाच्या दुकानासाठी कर्ज मागायला गेले, तर माझ्या क्रेडिट रिपोर्टवर तुझी थकबाकी, तीही गेल्या महिन्यातली म्हणून. बँकेतल्या बाई म्हणाल्या, बुडीत कर्ज सात वर्षांनी रिपोर्टवरून निघतं आणि ती वर्षं पहिला हप्ता चुकला तिथून मोजतात. मागाहून पैसे भरल्याने ती तारीख हलत नाही. वसुलीवाल्यांनी पहिल्या चुकलेल्या हप्त्याच्या जागी तुझ्या पाचशेची तारीख ठोकून दिलीय. तक्रारीला पहिल्या चुकलेल्या हप्त्याचा कागद हवा. गाळ्याचे मालक महिनाअखेरपर्यंतच थांबतील. मी जामीन होते हे तुझ्या भावोजींना अजून माहीत नाही, तेव्हा गाजावाजा न करता शोध. आणि वेळेवर जेवत जा.
तुझी ताई

१३ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
सापडला! कोरा कागद विकत घेणं माझ्या जिवावर येतं, हे तुला ठाऊकच आहे. हप्ता चुकल्यावर आलेल्या त्या पहिल्या नोटिशीच्या पाठीवर मी ‘चष्मे मिळतील’ची अक्षरं आखली होती. पुढची बाजू शाबूत आहे. हप्ता चुकल्याचा महिना स्पष्ट वाचता येतो. सात वर्षं चार महिने झालेत. उद्याच रजिस्टरने पाठवतो. भावोजींना मात्र तू सांगून टाक. मीच सांगितलं असतं, पण माझी छाती होत नाही.
आहे तेवढा जीव लावत राहा.
तुझा भिंगरी

ता. क. ताई, पाकीट चिकटवतच होतो, तेवढ्यात दार वाजलं. भावोजी आलेत. पत्ता माझ्या मागच्या पाकिटावरून काढला म्हणाले. रंगाच्या डब्यावर बसलेत, चहा नको म्हणतात. जामीन कोण होतं, ते माझ्या तोंडून ऐकायला आलेत.