चावीचं की आकड्यांचं?

गुरुवार, ५ फेब्रुवारी १९८१

दोन घड्याळं आणली! विकत नाही, पसंतीला. कंपनीला सुट्टी, म्हणून पिंपरीत इकबालभाईच्या दुकानात गेलो. एक चावीचं, एक आकड्यांचं. "आठवडाभर बघा, फोरमनसाब. एक ठेवा, एक परत." मी फोरमन नाही, टर्नर आहे. दहा वेळा सांगितलंय त्याला.

घड्याळ माझ्या बायकोसाठी, कुशासाठी. चिमाबाईंच्या महिला मंडळातला शिवणाचा वर्ग हिला मिळालाय — दुपारी तीनला. बाहेरचं पहिलं काम! नुसती खुललीय. पण घड्याळ कळत नाही. लग्नापासून "अवं, किती वाजलं?" मलाच विचारत आली. दुपारी मी कंपनीत. मग विचारणार कुणाला?

मी शिकवणार. लेथ, इंग्रजी, रेडिओदुरुस्ती — सगळं माझं मी शिकलो. घड्याळ ते काय!

शुक्रवार, ६

चावीचं: पांढरी तबकडी, सोनेरी बारीक काटे, चामड्याचा पट्टा. कानाशी धरलं तर टिकटिक अगदी एकसारखी. सेकंदकाटा कसा सरकतो, बघत राहावं!

आकड्यांचं: प्लास्टिकचा काळा पट्टा, करड्या काचेवर काळे आकडे. आवाज नाही, चावी नाही. बटण दाबलं की दिवा लागतो. किंमत जवळपास सारखीच.

"जमाना बदल गया," इकबालभाई म्हणतो. बदलू दे. मनगटावर घड्याळ बांधायचं की विजेचं मीटर? माझ्या जुन्या घड्याळाला मी रोज सकाळी चावी देतो, एक दिवस चुकलो नाही. चावी द्यावी लागते म्हणून तर माणसाला शिस्त लागते.

चावीचंच ठेवायचं. ठरलं.

रविवार, ८

पत्र्याच्या झाकणावर खडूनं तबकडी काढली. लहान काटा तीनच्या पुढं, मोठा आठवर. "सांग किती."

"तीन नि आठ."

"आठ नव्हे, चाळीस!"

"आठ लिवलंय की तितं. आठाला चाळीस कसं म्हनायचं? असं माप घेतलं तर झंपर कुनाला व्हईल?"

हसू आलं, रागही आला. राग तेवढा दाखवला.

सोमवार, ९

आज विचारते, "तास मोठा का मिनिट?" म्हटलं, तास. "मग त्येला बारका काटा का?"

मी झाकण उलटं ठेवलं, जेवायला बसलो.

बुधवार, ११

कुशाचा वर्ग कालपासून सुरू. काल उशीर, आज उशीर. संध्याकाळी चिमाबाई दारात. "कुशाबाई, बाया खोळंबतात. उद्यापासून वेळेवर आला नाहीत, तर वर्ग सरूबाईला देईन हं."

ही आत जाऊन मशीनवर बसली. कापड नाही, दोरा नाही, नुसते पाय हलवत होती.

गुरुवार, १२

सुट्टी. जेवण करून आकड्यांचं परत करायला निघालो — डबी रिकामी!

कुशा दारात चपला घालत होती. गळ्यात माप घ्यायची टेप, मनगटावर काळा पट्टा. "दोन नि अडतीस," म्हणाली.

माझ्या घड्याळात पाहिलं. बरोबर!

"कुणी शिकवलं?"

"टेपनं. ह्यात समदे टेपवरचेच आकडे. साठाच्या म्होरं न्हाई जात — टेपबी साठाचीच. तुमी कंपनीत गेलं की रोज बघतीया." मग फिसकन हसली. "अडतीस म्हंजी चिमाबाईचं माप. तेवढं दिसलं की निगायचं!"

आणि गेलीसुद्धा.

चावीचं परत केलं. इकबालभाई गालात हसत होता. "दात काढू नकोस," म्हटलं, "पावती दे."

सोमवार, १६

कुशा आता बायांच्या आधी पोचते. चिमाबाईंनाच उशीर होतो म्हणे! आकड्यांच्या घड्याळाबद्दल माझं मत बदललेलं नाही. पट्टा तेवढा मजबूत आहे.

मंगळवार, १७

सकाळी घाईत चावी द्यायची राहिली. माझं घड्याळ बंद. घरी येऊन हाक मारली, "कुशे, किती वाजले गं?"

मशीन थांबलं. मनगटाकडं बघायच्या आधी तिनं माझ्याकडं बघितलं.