आतल्या वेटोळ्याचा आकडा

प्रिय अहो,

उभ्या संसारात तुमचं नाव मी उखाण्यातच काय ते घेतलं, आता पत्रावर कसं घालू? म्हणून अहोच. तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली. लिहायला बसले की एक खोटं मध्ये आडवं यायचं आणि पेन ठेवून द्यायची. काल खालच्या आळीतल्या सुधाकरने त्याच्या बेंजोचा डबा फोडला. आता लपवायला काही उरलं नाही, तेव्हा तुमच्याशी बोलते.

आठवतंय, सुधाकर पहिल्यांदा आपल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात आला होता? बेंजोच्या तारांखाली आवाज पकडणारा पिकअप बसवून थेट अॅम्प्लिफायरला जोडलेला, आणि आवाज असा की दात आंबावेत. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत आणि म्हणालात, "आवाज कच्चा आहे रे. शिजायला हवा." मी आतून ओरडले, "तुम्ही आवाज शिजवा, भात मी एकटी शिजवते!" किती हसला होता तो!

मग तुम्ही एका जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओतले लोखंडी पत्रे काढलेत आणि केसासारखी तांब्याची तार गुंडाळायला बसलात. आत एक वेटोळं, त्यावर दुसरं, दर थराला कागद. एकात बेंजोचा आवाज शिरतो, दुसऱ्यातून निघून अॅम्प्लिफायरला जातो, आणि तारेला तार कुठे लागतसुद्धा नाही! मला ते कधी पटलं नाही. पण वेढे मोजायचं काम माझं. तुमची नजर तारेवर, हात मशीनच्या दांड्यावर, आणि मी शेजारी पाटावर. शंभर झाले की मोठ्याने सांगायचं.

आतल्या वेटोळ्याला बाराशे हवे होते. पाचशेच्या जरा पुढे गेलो आणि मासेवाली रखमाबाय टोपली घेऊन दारात. "वैनी, मुडदुशे हायत. मागनं बोलू नका, सांगितलं न्हाय म्हणून!"

तुमचा जीव मुडदुशांवर. मी हळूच उठले. घासाघीस केली, मासे आत ठेवले, परत येऊन बसले, तर तुम्ही मान खाली घालून फिरवतच होतात. "किती झाले?" विचारलंत. आणि मी खुशाल ठोकून दिलं, "आठशे!"

चुकले म्हणाले असते तर काय गिळणार होतात का मला? पण सगळी तार उलगडून पुन्हा बसावं लागलं असतं, आणि संध्याकाळी सुधाकरला एका हळदीत वाजवायचं होतं. धीर झाला नाही.

दोन्ही वेटोळी डब्यात बसवून तुम्ही वर मेण ओतलंत, आणि त्या संध्याकाळी तो डबा मध्ये जोडून बेंजो वाजला. काय वाजला हो! खालचे सूर भरून आले, वरचे टोचेनासे झाले. नवरीची आजी हळदीच्या हाताने नाचायला उठली. तुम्ही नुसते मान हलवत उभे होतात, आणि मी तुमच्याकडे बघायचं टाळत होते.

पुढे गुहागर, खेड, केळशीहून वाजवणारे यायला लागले. सगळ्यांना सुधाकरसारखाच डबा हवा. तुम्ही गुंडाळायचात, मी मोजायची, आणि दूध उतू गेलं तरी पाटावरून हलायची नाही. डबे चांगले व्हायचे, पण तो आवाज काही येत नव्हता. लोकांना तुम्ही सांगायचात, "तसले पत्रे आता मिळत नाहीत." कुणी म्हणालं, सुधाकरचा फोडून बघा, तर म्हणायचात, "वाजतंय ते फोडू नये." मध्येच तुम्हाला लहर यायची. या खेपेला अकराशे घेऊ, आता तेराशे, एकदा तर चौदाशे. मी मुकाट्याने मोजायची.

गेल्या आठवड्यात वाजता वाजता डबा मुका झाला. मेणाला चीर पडून खारं पाणी आत शिरलं होतं. नारळी पौर्णिमेला त्याला वाजवायचं, आणि ती पंधरवड्यावर! सुधाकर आला, म्हणाला, "काकी, उलगडून वेढे मोजूया. तसाच दुसरा करतो, काकांच्याच मशीनवर." तुमच्या वहीत बाराशे लिहिलेले, आणि आता ते उघडं पडणार. मग म्हटलं, पडायच्या आधी आपणच सांगावं. सांगून टाकलं त्याला सगळं.

तो म्हणतो कसा, "काकी, म्हणजे त्या मुडदुशांवर माझं नाव झालं की हो!"

काल तो उलगडत होता, मी मोजत होते. वरचं वेटोळं वहीप्रमाणे बरोबर निघालं. आतल्याचे चारेकशे उलगडले असतील, तोच एका थराखालच्या कागदावर पेन्सिलीचं अक्षर दिसलं. तुमचं.

"हिने सांगितले आठशे. हाताला मुडदुशांचा वास. असू दे."

अहो! माहीत होतं तुम्हाला! त्या दुपारी दोन मुडदुशे जास्तीचे मागून खाल्लेत आणि एक अक्षर बोलला नाहीत! लोकांपुढे पत्र्यांवर ढकललंत, माझं नाव येऊ दिलं नाहीत. आणि ती अकराशे, तेराशेची लहर नव्हतीच. तुम्ही माझी चूक शोधत होतात. एकदा विचारायचं होतं हो. मिळून शोधली असती. याचा मला राग येतो, आणि कालपासून रडूही थांबत नाही.

पंधराशे बेचाळीस निघाले. म्हणजे रखमाबायशी मी साडेतीनशे वेढे जास्तीचे भांडले! चौदाशेपर्यंत आला होतात तुम्ही. थोडं पुढे गेला असतात तर!

आज सुधाकरने त्याच पत्र्यांवर नवी तार गुंडाळली. नऊशेच्या पुढे होतो, आणि दारात रखमाबायची सून. "काकी, मुडदुशे!" मी तिथूनच ओरडले, "थांब गो, हललीस तर बघ!" ती बिचारी टोपली उतरवून पायरीवर बसून राहिली. तुमचा कागद माझ्याकडे ठेवावा असं फार वाटलं, पण त्याची जागा तीच. मी खाली लिहिलं, "मोजले पंधराशे बेचाळीस. उठले नाही." आणि ठेवला परत आत.

दुपारी सुधाकरने जोडून वाजवला. शिजलाय, अहो. अगदी तस्साच.

आता शब्द देते. आकडा लपवणार नाही. केळशीचा येवो की खेडचा, विचारेल त्याला सांगेन. आणि कुणी म्हणालं की काकांनी हा हिशोब कसा हो बसवला, तर पत्र्यांचं नाव घेणार नाही. सांगेन, मी चुकले होते, आणि त्यांनी असू दे म्हटलं.

तुमची,
मोजणारी
सुलू