वीस तारखेच्या आत

अझैबा, मस्कत
१४ जानेवारी २०१२

प्रिय देवू,

हे पत्र मराठीत आहे, वाचायला तुला वेळ लागेल. लागू दे. स्कॅन करून मेलने पाठवतेय. इंग्रजीत मला नुसतं सॉरी म्हणता येतं, तेवढ्याने भागणार नाही.

बाबा गुरुवारी दुक्मच्या कामावरून घरी आले. सहा तास गाडी चालवून आलेला माणूस आधी जेवतो. यांनी त्यांना आलेली तुझी मेल माझ्यापुढे धरली. तुमच्या ऑस्टिओपॅथीच्या, म्हणजे तुमच्या त्या वेगळ्या डॉक्टरी शाखेच्या, हॉस्पिटलांत रेसिडेन्सी केलेल्यांना पुढच्या शिक्षणासाठी मोठ्या हॉस्पिटलांत घ्यायचंच नाही, असा नियम येऊ घातलाय म्हणे. अजून प्रस्तावच आहे, पण झाला तर लहान मुलांच्या हृदयाची डॉक्टर व्हायचं तुझं बारावीपासूनचं वेड तिथेच खलास. मला तू यातलं अवाक्षर सांगितलं नाहीस. फोनवर मी भरल्या वांग्यांचं पुराण लावलं आणि तू ऐकत राहिलीस, शहाणे!

रेसिडेन्सीसाठी तू भरलेल्या पसंतीच्या यादीत पहिलं नाव तसल्याच हॉस्पिटलचं आहे, आणि ते माझ्यामुळे. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असं मीच तुला सुनावलं. इथे प्रत्येक बाईला मुलांच्या करिअरवर बोलायचा परवाना असतो, मीही मिरवून घेतलं. तिथे जागा लागली की मोठ्या हॉस्पिटलांच्या निवडीतून नाव आपोआप जातं, हे मला कुठे ठाऊक होतं? यादी वीस तारखेपर्यंत बदलता येते, असं बाबा म्हणतात. आज चौदा.

बाबांनी यादी बदल म्हटलं तर तू नुसतं नाही म्हणालीस. त्यांना वाटतं, हट्ट. कारण मला माहीत आहे. ऑक्टोबरात मी तुला फोनवर माझ्या गळ्याची शपथ घातली होती, की सुगंधामावशीच्या गावातलंच हॉस्पिटल पहिलं लिहिशील. तुझं भलंबिलं काही नव्हतं गं त्यात. तू मावशीजवळ राहिलीस की मला रोज तुझी खबर मिळेल, एवढा माझा स्वार्थ. आणि अमेरिकेत डॉक्टर होणारी माझी मुलगी आईच्या जिवाला काही होईल म्हणून भिऊन बसलीय! घालणाऱ्याने सुटली म्हटल्याशिवाय शपथ सुटत नाही, हेही लहानपणी तुला मीच शिकवलं. म्हणून लिहितेय, देवू. सुटली. सुटली. सुटली. मला काहीही होणार नाही. आधी यादी बदल, मग माझ्यावर हवं तेवढं चीड.

तुझीच, नको तिथे बोलणारी
आई