पेटीला हादरा नको

आबा, कचेरीने मला एक यंत्र दिलं आहे. आपण कुठे उभे आहोत आणि पुढे कुठे वळायचं, हे ते आकाशातल्या उपग्रहांवरून सांगतं. शेतांच्या नोंदींसाठी मला धरणगावच्या बाजूला मोटारसायकलवर हिंडावं लागतं, म्हणून ते हँडलवर बसवून घेतलं. खडीचा रस्ता लागला की त्याचे सेल आतल्या आत हलायचे आणि ते बंद पडायचं. कचेरीतले म्हणाले, मॅडम, दुसरं मागवा. मी मागवलं नाही. घरी येऊन सायकलची जुनी ट्यूब कापली, तिच्या पट्ट्या यंत्राखाली घातल्या आणि मधे ठेवायला कापसाची चपटी गादी शिवायला घेतली. सुईत दोरा ओवला आणि तुम्ही आठवलात. 

अशीच गादी आईने तुमच्या पेटीसाठी शिवली होती. तुम्ही पाटबंधारे खात्यात, सातपुड्याच्या पायथ्याला पाटांची आखणी करायचात. पाणी कोणत्या बाजूला उतरेल हे ज्या दुर्बिणीतून बघून ठरायचं, ते लेव्हलचं यंत्र लाकडी पेटीत असायचं आणि पेटी तुमच्या ताब्यात. हादरा बसला की यंत्राची नजर चुकते आणि पाट भलतीकडे जातो, हे मी बाराखडीबरोबरच शिकले असेन. पेटी कॅरियरवर बांधायची नाही, ती माणसाच्या मांडीवरच हवी, कारण माणसाचं अंग हादरा खातं, असा तुमचा कायदा होता. आईच्या जुन्या लुगड्याचा लांब पट्टा पेटीवरून घेऊन तुम्ही कमरेला बांधायचात. आई चुलीपुढून म्हणायची, "मन्हापेक्षा त्या पेटीले जास्त जपतस तुम्ही." तुम्ही हसायचात, पण नाही म्हणायचा नाहीत.

तुम्ही पेटी धरणार म्हणजे फटफटी चालवायला दुसरं कोणी हवं. म्हणून तुम्ही मला शिकवलंत. नव्वदच्या आसपासची गोष्ट, शिरपुरात मुली सायकलवर दिसल्या तरी लोक वळून बघायचे, आणि मी कॉलेजच्या सुट्टीत बापाला मागे बसवून फटफटी हाकत होते. मला वाटायचं, केवढा मोठा मनाचा माझा बाप. मग एकदा मी वळणावर गाडी घसरवली. आपण दोघं धुळीत. माझं कोपर सोलून निघालेलं, आणि तुम्ही उकिडवे बसून आधी पेटी उघडलीत, यंत्राच्या काचनळीतला बुडबुडा मध्यावर येतो का ते पाहिलंत. आईला कळलं तेव्हा ती एवढंच बोलली, "पोरले लागनं का, हाई त इचारा आधी." तुम्ही विचारलंत, पण उशिरा. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही स्वतःच्या हाताने कोपराला हळद लावलीत आणि बाजारातून मला काळा चष्मा आणून दिलात, डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून. तो अजून आहे. एक काच गेली आहे.

चालवताना तुमची आणि माझी भाषा ठरलेली होती. रस्ता खराब आला की माझ्या उजव्या खांद्यावर तुमची बोटं टकटक करायची. टकटक म्हणजे हळू. मला तिचा भारी राग यायचा.

त्या दिवशी मी तुम्हाला न्यायला पायथ्याच्या गावात आले तर तुम्ही बाभळीखाली छातीवर हात ठेवून बसलेले. तुमचे मदतनीस घाबरलेले. तुम्ही म्हणालात, पित्त असेल. समोर शिरपूरला जाणारी जीप उभी होती, पुढच्या सीटवर तुमच्यासाठी जागा केलेली. तुम्ही बसलातसुद्धा. मग आत मांडीवर धरायलाही जागा नाही म्हणून ड्रायव्हरने पेटी टपावर टाकायला उचलली आणि तुम्ही खाली उतरलात. मी म्हणाले, "आबा, पेटी ऱ्हाऊ द्या आठेच." तुम्ही म्हणालात, "सरकारी वस्तू शे ती. रानमा कशी सोडू?" जीप गेली. मी पट्टा पेटीभोवती, तुमच्याभोवती आणि माझ्याही कमरेभोवती गुंडाळला. "धीरे चालाड, माय," तुम्ही म्हणालात, "पेटीले दणका नको बसाले."

शिरपूरला डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि ताबडतोब धुळ्याला न्या म्हणून सांगितलं. जीप बघू म्हटलं तर तुम्ही आधीच फटफटीवर जाऊन बसलेले, पेटी मांडीवर. मी गाडी पळवते, तुमची बोटं खांद्यावर वाजतात, मी हळू होते. पुन्हा पळवते, पुन्हा टकटक. तापीच्या पुलाच्या अलीकडे ती थांबली. पुढचा रस्ता चांगला होता. मला वाटलं, अखेर माझ्या हातावर भरवसा बसला तुमचा. तुमचं डोकं माझ्या पाठीवर टेकलं होतं. मी खूश झाले, आबा. पूल ओलांडताना मी खरंच खूश होते.

दवाखान्याच्या दारात लोकांनी पट्टा सोडला. तुमचे हात पेटीवरून काढायला दोघं लागले.

नंतर खात्यातल्या माणसांनी यंत्र तपासलं. कणभरही फरक नव्हता. साहेब घरी आले, सगळ्यांसमोर म्हणाले, असा कर्मचारी होणे नाही. आई उठून आत निघून गेली. मी तुमच्यावर इतकी रागावले होते की नीट रडताही आलं नाही. जीपच्या सीटवर बसला असतात तर वाचला असतात की नाही, हे मला कोणी सांगू शकत नाही. पण तुम्ही उतरलात, आई घरी होती, मी समोर उभी होते, आणि तुम्ही उतरलात. इतकी वर्षं झाली, तो राग गेलेला नाही, आणि तुमच्याशिवाय करमत नाही तेही गेलेलं नाही.

हे कागद कुठे टाकायचे, मला माहीत नाही. तुम्ही आणलेल्या त्या काळ्या चष्म्याच्या डबीत राहतील. यंत्र आता छान बसलंय, कितीही खराब रस्ता असो, बंद पडत नाही. कचेरीतले बाकीचे लोक माझ्याकडून पट्ट्या कापून घेतात. त्यांना सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. माझ्या यंत्राची उजवीकडची पट्टी मी मुद्दाम सैल ठेवली आहे. खडी लागली की ते हँडलवर हलकं टकटक करतं आणि मी गाडी हळू करते. पुढे डांबरी रस्ता लागतो, टकटक थांबते. मग मी गाडी बाजूला घेते आणि मागे वळून बघते.